जोडीतला एक

नवागामच्या त्या गल्लीत मंगलाबाईइतका सफाईदार हात दुसरा नाही, हे समोरची प्रमिलाबाईसुद्धा कबूल करायची. आणि प्रमिलाबाई सहसा कुणाचं काही कबूल करणाऱ्यांतली नव्हे. शिंदखेड्याकडून लग्न होऊन मंगलाबाई सुरतेला आली त्याला सत्तावीस वर्षं झाली. नवरा सुकदेव उधन्याला लूमच्या कारखान्यात, आणि ही उंबऱ्याशी उजेडाला बसून साड्यांचे धागे कापणार. साडीची नक्षी समोरून मोठी देखणी दिसते, पण मागे तिचे सुटे धागे लोंबत असतात. ते एकूण एक कापायचे आणि कापडाला चरा जाऊ द्यायचा नाही. घाई करणाऱ्या बायांच्या साड्या परत येतात. मंगलाबाईची एकही साडी कधी परत आली नाही. याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा? गरिबाला मिरवायला असतं तरी काय दुसरं!

मुलगी एकच, धनश्री. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी आणि कॉलेजात गुजराती, अशी तीन तोंडांची पोरगी; मोठी झाल्यापासून आईशीही शुद्ध मराठीत बोलायला लागलेली. तिच्या एका मैत्रिणीने एकदा एक बाहुलं घरी आणलं. वीतभर उंचीचं, चेहरा प्लास्टिकचा, बाकी सगळं अंग लांब मऊ केसांचं. अशी बाहुली जमवायचं वेड मोठ्या घरच्या मुलींना लागलेलं. पर्सला लटकवतात, काचेच्या कपाटात मांडतात, आणि सहा महिन्यांत केसांच्या गुठळ्या झाल्या की रडतात. धनश्रीने ते धुतलं, विंचरलं, कापून त्याला नवंच रूप दिलं. मैत्रिणीने फोटो टाकला. मग अडाजण, वेसू अशा सुरतेच्या श्रीमंत भागांतून मुली येऊ लागल्या, कुरियरने डबे येऊ लागले.

"बाहुलीस्ले पार्लर!" मंगलाबाईला हसू आवरेना. "आम्हना गावना पोरेस्ना डोकाले तेल नही, आनी आठे बाहुलीस्ना केस कापतस!"

"हौसेला मोल नाही मम्मी," धनश्री म्हणायची. "तू फक्त गुठळ्या सोडवून दे. ते तुझ्याएवढं मला जमत नाही."

मंगलाबाईने अशा प्रत्येक बाहुल्याला नाव ठेवलं, तो केसाळ्या. आणि हसता हसता ती त्या कामात कधी शिरली ते तिचं तिलाच कळलं नाही. चेहऱ्याचा रंग जाऊ नये म्हणून आधी तोंडाला प्लास्टिक गुंडाळायचं. कोमट पाण्यात शाम्पूचा एक थेंब. पिळायचं नाही, टॉवेलात दाबायचं. पंख्याखाली सुकवायचं, गरम हवा लागली तर हे नकली केस जळून आखडतात, मग देवही ते सरळ करू शकत नाही. विंचरायचं ते टोकाकडून मुळाकडे, चिमूट चिमूट केस धरून, लिखांच्या फणीने. इथपर्यंत मंगलाबाई. कापणं मात्र धनश्रीचं. ती कात्री आडवी न धरता उभी धरायची आणि टोकाटोकाने केस उतरवायची, म्हणजे कापल्याची रेघ कुठे दिसायची नाही. मुलींना तो हात ओळखू यायचा. माणसाचा केस चुकला तर महिन्यात भरून येतो, केसाळ्याचा गेला तो गेला, असं धनश्री सांगायची आणि श्वास रोखून कापायची. आई शेजारी बसून बघायची.

संक्रांतीच्या आधी धनश्रीला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग गावठी औषध झालं, मग दवाखाना. दवाखान्यात जायच्या दिवशी तिच्या हातात ध्रुवी नावाच्या मुलीची जोडी होती. दोन केसाळ्या, एका साच्यातले, एका रंगाचे, पिकल्या चिंचेसारखे तपकिरी. एक करून झाला होता. दुसरा तसाच गुठळ्यांचा गोळा.

"याले हात नको लाऊ मम्मी," ती म्हणाली. आजारात तिच्या तोंडी पुन्हा घरचीच बोली आली होती. "मी घर उनी म्हंजे करसू."

अकराव्या दिवशी ती गेली. चोवीस वर्षांची होती.

गावी नेऊन सगळं केलं. सुतक फिटवणारी गंधमुक्ती झाली, सुकदेवने केस उतरवले, भाऊबंद जेवून गेले. नवागामला परत आल्यावर मंगलाबाईने सगळ्यांत आधी चार्जिंगला लावला तो धनश्रीचा मोबाइल. त्यात बावीस निरोप पडून होते. 'दीदी, मेरा हो गया?' 'दीदी, इस हफ्ते एक ले लोगी?' हिंदी तिला वाचता यायचं. सुकदेव म्हणाला, सांगून टाक सगळ्यांना. मंगलाबाई मोबाइल घेऊन बसली, आणि एका बोटाने अक्षरं शोधत तिने लिहिलं, 'हो जाएगा.'

तिथून ते सुरू झालं. डबे येत, ती काम करी, डबे जात. कुणी स्वतः यायचं म्हटलं की ती कुरियरनेच पाठवायला सांगे. कात्री उभी धरायला ती शिकली. सुकदेवकडून मखमली कापडाचे तुकडे मागवून दुपार दुपारभर त्यांवर हात बसवला. पहिले दोन केसाळ्या जरा बोथट झाले, तिसऱ्यापासून कुणाला शंका आली नाही. मुली फोटो टाकत आणि खाली लिहीत, धनश्री दीदीसारखं कुणी नाही. मंगलाबाई ते वाचायची. वाचून तिला बरं वाटायचं आणि ती लगेच पुढचा डबा उघडायची. गल्लीतल्या बायका म्हणत, बरं झालं, जीव कामात रमला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय.

सुकदेव एकदा भडकला. "पोर गयी. आनी तू तिना नाववर लोकेस्ले जबाब देस? कसाले?"

"मी कोठे खोटं बोलस? त्या इचारतस, व्हई का? मी म्हनस, व्हई."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली तेव्हा सुकदेव गावी चल म्हणाला. आखाजीला खान्देशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आणि त्याच दिवशी घरोघर गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरून पुजतात. मंगलाबाई गेली नाही. धनश्रीच्या नावाची घागर भरायची म्हणजे ती गेली असं आपल्या हाताने म्हणायचं. इकडे तिच्या नावाने काम चालू आहे, लोक तिला हाक मारताहेत, मग घागर कुणाची भरायची? मला विचाराल तर हे शहाणपण नव्हतं. पण पोटची पोर गेलेल्या बाईला शहाणपण शिकवायला जाणारा माणूस त्याहून वेडा.

आखाजीनंतर पंधरा दिवसांनी ध्रुवीचा निरोप आला. ती शिकायला बाहेरगावी होती, आता परतली होती. रविवारी जोडी घ्यायला स्वतः येणार होती.

जोडी फळीवर होती तशीच होती. चार महिन्यांत मंगलाबाईने पन्नासेक केसाळ्यांना फणी लावली असेल, पण या दोघांना शिवली नव्हती. करून ठेवलेला होता त्याच्यावर धनश्रीची शेवटची कात्री चालली होती, आणि दुसरा तिची वाट बघत होता. मंगलाबाईने दोन दिवस बहाणे शोधले. हरवला म्हणू. उंदराने कुरतडला म्हणू.

"दुसरानी चीज शे," सुकदेव एवढंच म्हणाला. "दि टाक."

ते तिला पटलं, कारण आयुष्यात तिने लोकांची वस्तू लोकांना नीट परत दिली होती. पण तिने मनाशी एक ठरवलं. दुसरा आपण करायचा, चांगला करायचा, आणि मग ध्रुवीला हात जोडून मागायचं, बाई, याचे काय पैसे होतील ते घे, पण धनश्रीने केलेला एवढा एक मला राहू दे. तिच्या हातचं घरात दुसरं काही उरलं नव्हतं. जे जे तिने केलं ते लोकांच्या कपाटांत गेलं होतं. हा एकच फळीवर होता.

शनिवारी सकाळी सुकदेव पाळीला गेल्यावर ती कामाला बसली. दुसऱ्याच्या गुठळ्या सोडवायला दोन तास गेले. मग कात्री. करून ठेवलेला समोर मांडला आणि त्याच्याकडे बघत, एकेक टोक त्याच्या टोकाशी जुळवत ती कापत गेली. इतका मनापासून हात तिचा कधीच चालला नव्हता. कानामागची बट धनश्री थोडी लांब सोडायची, तीही तिने तेवढीच सोडली. शेवटी दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा फरक एवढाच दिसत होता की धनश्रीच्या केसाळ्यावर चार महिन्यांच्या धुळीची राखाडी झाक बसली होती.

धुळकट कसा द्यायचा लोकांना? म्हणजे तो तर आपल्यालाच हवा आहे. पण मागून ध्रुवीने नाही म्हटलं तर? आणि आपल्याकडेच राहिला तरी मळका का ठेवायचा? सत्तावीस वर्षांची सवय ती. वाईट दिसेल असं काम मंगलाबाईच्या हातून बाहेर जात नसे. तिने दोघांनाही एकाच घमेल्यात एकदा साध्या पाण्यातून काढलं, टॉवेलात दाबलं, दाराशी वर्तमानपत्रावर पंख्याखाली ठेवलं आणि स्वयंपाकाला लागली. मधेच प्रमिलाबाई विरजण मागायला आली. पाय लागेल म्हणून तिनेच कागद उचलून खाटेवर सरकवला. दुपारी मंगलाबाईने दोन्ही केसाळ्या घेतले, विंचरून फुलवले आणि समोर ठेवले.

आणि तिला कळलं की यातला धनश्रीचा कोणता ते आपल्याला सांगता येत नाही.

आधी तिला हसू आलं. असं कसं होईल? उजव्या हाताचा असणार. तिने तो उचलला, कानामागे पाहिलं. बट होती. दुसऱ्याची पाहिली. बट होती, तेवढीच. केस उलटे करून कात्रीची टोकं शोधली. तळपाय पाहिले, दोघांच्या तळव्यांवर कंपनीचा एकच शिक्का. मोबाइलमध्ये धनश्रीने काढलेला त्याचा फोटो होता, तो शोधून शेजारी धरला. धुऊन विंचरलेल्या केसांपुढे फोटो काय बोलणार! ती प्रमिलाबाईकडे धावत गेली, कागद कसा उचलला होता, कोणता कुठे होता? प्रमिलाबाई म्हणाली, "मी काय देखं व माय, दोनी सारखाच ते व्हतात."

सारखेच होते. चार महिने रात्रंदिवस तिने हाच ध्यास घेतला होता, की आपला हात पोरीच्या हातासारखा चालावा. तो चालला होता.

रविवारी सकाळी ध्रुवी आली. गोरीपान, सडपातळ, दारात चपला काढून अदबीने बसणारी मुलगी. जोडी पाहून तिने आनंदाने टाळीच वाजवली. "दीदीनो हाथ एटले दीदीनो हाथ! क्यां छे दीदी?"

इतके दिवस प्रश्न मोबाइलवर यायचे, दोन शब्द लिहिले की संपायचे. हा प्रश्न समोर बसून, डोळ्यांत बघून विचारला होता.

"दीदी नहीं है," ती म्हणाली.

"गांव गई?"

"नहीं बेटा. ऑफ हो गई. जनवरी में."

सुरतेत माणूस गेला की असंच म्हणतात, ऑफ झाला. चार महिन्यांत हे वाक्य मंगलाबाईने पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं. आवाज तिला तिचा वाटला नाही. ध्रुवीचे हात मांडीवरच थांबले. मग मंगलाबाईने मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. निरोपांना उत्तरं कुणी दिली, डबे कुणी केले, या जोडीतला एक धनश्रीच्या हातचा आणि एक आपल्या. आपण तो एक मागणार होतो, हेही तिने सांगितलं.

मुलगी चांगल्या घरची होती, म्हणजे मनाने. तिने डोळे पुसले, दोन्ही केसाळ्या दोन हातांत धरून मंगलाबाईपुढे केले. "आंटी, इसमें माँगना क्या? दीदीवाला आप रख लो. कौन सा है?"

मंगलाबाईने एकाच्या केसांतून बोटं फिरवली. मग दुसऱ्याच्या. पुन्हा पहिल्याच्या. मुलगी हात लांबवून बसली होती, तिचे हात दुखायला लागले असतील. कोणताही एक घेता आला असता, कुणाला कळलं असतं? पण घेतलेला आपलाच निघाला तर पोरीचा त्या मुलीच्या कपाटात जाईल आणि आपण जन्मभर आपल्याच कामाला पोर समजून विंचरत बसू, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

"दोन्ही ले जा," ती म्हणाली. "जोडी है. तोडना नहीं."

ध्रुवी पुष्कळ आग्रह करून, पाया पडून गेली. सुकदेव दुपारी पाळीवरून आला तेव्हा मंगलाबाई उंबऱ्यात बसलेली होती. पुढ्यात काम नव्हतं. फळी रिकामी बघून तो म्हणाला, "दि टाकं?"

"दि टाकं. खरं सांगी टाकं."

"मंग रडस कसाले? बरंच करं."

"मन्हाच हातवरी तिना हात पुसाई गया हो," ती म्हणाली. "माले मन्ही पोर वळखू नही उनी."

सुकदेवला यातलं निम्मंच कळलं. तो डबा खाली ठेवून तिच्या शेजारी उंबऱ्यात बसला.