रुक्मिणीच्या लग्नातली कापी

गेल्या सालात तुमच्या गल्लीची सगळ्यांत आवडती करमणूक कोणती, असं कुंभकोणमला आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. तंबूतल्या सिनेमाचं नाव कुणी घेणार नाही. चित्रै महिन्यात सर्कस आली होती, तिचंही नाही. तीन महिने मुक्काम ठोकून बसलेल्या नाटक कंपनीचं तर नाहीच नाही. सगळे आधी आमच्या दाराकडे बोट दाखवतील आणि मग समोरच्या दाराकडे. आमचे हे आणि समोरचे पांडुरंगराव यांचं भांडण! तिकीट नाही, काही नाही, रोज सकाळ-संध्याकाळ दोन खेळ. त्या खेळापायी मी वर्षभर किती होरपळले, ते मात्र कुणी पाहिलं नाही.

हे म्हणजे हनुमंतराव. रेल्वेत पार्सल क्लार्क म्हणून तीस वर्षं काढली. गाठोडं बांधावं तर यांनीच. दोरीला अशी गाठ मारतात की सोडवायला कोयता लागतो. डोक्यात एखादी गोष्ट बसली की तिचंही तेच. मुलगा एकच, व्यंकोजी, तो पेरांबूरला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात. मुलगी नाही. मुलगी नाही म्हणूनच हे सगळं रामायण झालं, असं मला वाटतं.

कारण आमच्या गल्लीतल्या भजनमठात दर वर्षी पोंगल झाला की रुक्मिणीचं लग्न लागतं. अगदी खरंखुरं लागावं तसं. एक घर मुलीकडचं, एक घर विठ्ठलाकडचं. एकोणीस वर्षं आम्ही मुलीकडचे आणि पांडुरंगराव मुलाकडचे. मुलाकडच्यांनी रुसायचं, हा तिथला नेम. जमखाना जुनाच टाकलाय, पायसात साखर कमी आहे, आमचा मान राखला नाही, असं काहीतरी काढायचं आणि उठून निघायचं. मग मुलीच्या बापानं हात जोडायचे, विडा-नारळ पुढे करायचा, समजूत घालायची. लोक पोट धरधरून हसतात, भजन चालवणारे भागवत त्यावर एखादं पद म्हणून घेतात आणि मंगळसूत्र बांधलं जातं.

त्या दिवशी यांना पाहावं! जरीकाठी धोतर नेसून पहाटेपासून मठाच्या दारात उभे. रुक्मिणीची मूर्ती केवढी, तर वीतभर. तिच्या लुगड्यासाठी हे चार दुकानं पालथी घालणार. व्यंकोजीच्या लग्नात इतके राबले असते तर सुनेच्या बापानं आजही नाव काढलं असतं.

बारा वर्षांनी भरणाऱ्या महामखाच्या मेळ्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. लग्नातली कापी, म्हणजे कॉफी, नेहमीप्रमाणे माझ्याकडे होती. साठ माणसांचा अंदाज, आणि आयत्या वेळी गोविंदपुरमहून भजनी मंडळी येऊन बसली. शंभरावर पानं! दूध संपलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि दोन तांबे पाणी त्या पातेल्यात ओतून मोकळी झाले. दुसरं काय करणार होते? कुणी पाहिलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही.

पांडुरंगरावांनी टंबळर, म्हणजे कापीचा पेला, हातात घेतला आणि रुसायचा तो खास आवाज काढला, "काय हो व्याही, मुलीकडच्यांच्या गाई कावेरीतच उभ्या असतात वाटतं? ही कापी आहे की तीर्थ?"

मठ हसून लोटपोट. आता यांनी हात जोडायचे. सगळे वाट पाहतायत. हे लाल होत गेले, होत गेले आणि म्हणाले, "उचला तुमचा नवरा आणि चालते व्हा! माझी मुलगी मी घरी नेतो." आणि खरंच की हो, रुक्मिणीला काखेत मारून हे मठाबाहेर पडले. लोकांना वाटलं, यंदा काहीतरी नवीन बसवलंय. टाळ्या काय, शिट्ट्या काय! यांनी घरी येऊन रुक्मिणीला देव्हाऱ्यात ठेवलं आणि दाराला कडी घातली, तेव्हा कुठे लोकांचे टाळ्या वाजवणारे हात खाली आले. दीड तास गल्ली आमच्या दारात. तिकडे भागवत एकच पद आळवतायत, हारांची फुलं कोमेजलीत. शेवटी मठाचे वडीलधारे पाया पडायला वाकले, तेव्हा हे मुलीला घेऊन परत गेले. लग्न लागलं. व्याह्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

आणि तिथून खेळ सुरू झाला. पांडुरंगरावांचं पितळी दिव्यांचं दुकान आहे. त्यांनी नाचियारकोविलहून आणलेला मोठा दिवा दाराशी लावला, तर यांनी आमच्या दाराशी दोन लावले. दोघंही सकाळी आपापल्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि समोरच्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायचे. बातमी एकच, पेपर एकच, आवाज दोन! मठात दिव्याभोवती फेर धरायचा तर हे या टोकाला, ते त्या टोकाला. एकमेकांवर कुरघोडी करायला असे टाळ बडवायचे की भागवतांना आपलंच गाणं ऐकू येईना. बाजूच्या घरातली गोदा तांदळाचं सूप घेऊन बाहेर बसायची. वर्षभरात तिनं जेवढे तांदूळ निवडले तेवढे तिच्या घरी शिजले तरी का, देव जाणे. सर्कशीला चल म्हटलं तर म्हणायची, "सर्कस काय, उद्या पण आहे."

सगळ्यांची चंगळ, आणि मरण कुणाचं? माझं आणि मीनाक्षीचं. मीनाक्षीबाई म्हणजे पांडुरंगरावांची बायको. सव्वीस वर्षांची आमची मैत्री. माझं बाळंतपण तिनं काढलं, तिच्या सासूच्या आजारपणात रात्रंदिवस मी बसले. आता यांचा हुकूम, त्या घरात पाऊल टाकायचं नाही. त्यांचाही तिला तोच हुकूम. मग आम्ही काय करावं? दर शुक्रवारी पट्टीश्वरमच्या देवीला जायचं. ती पहिल्या बसनं, मी दुसऱ्या. देवळातल्या मागच्या खांबाशी बसून दोघी तासभर बोलायचो. केस पिकलेल्या आम्ही दोघी, आणि चोरट्यांसारख्या भेटतोय! संताप यायचा नुसता. देवीला वाटलं असेल, काय या बायांची भक्ती.

तरी तेवढं तरी होतं. दिवाळीच्या सुमारास, ऐप्पसीत, व्यंकोजीचं पत्र आलं, आता तुम्ही दोघं इकडेच या, घर मोठं मिळालंय. मार्गळीत, म्हणजे धनुर्मासात, घर हलवत नाहीत, म्हणून कार्तिकातच निघायचं ठरलं. आम्हा दोघींना अक्षर येत नाही. माझं पत्र लिहिणार हे. तिला वाचून दाखवणार पांडुरंगराव. तिचं पत्र लिहिणार ते, मला वाचून दाखवणार हे. आणि हे दोघं एकमेकांचं नाव घ्यायला तयार नाहीत! दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं तर घरातली गोष्ट बाहेर काढल्यासारखं होतं, ते तिलाही चालायचं नाही आणि मलाही नाही. म्हणजे पेरांबूरची गाडी धरली की मीनाक्षी मला मेली आणि मी तिला.

सामान बांधताना रोज डोकं आपटलं यांच्यापुढे. "अहो, आता गाव सोडतोय आपण. समोर जाऊन दोन शब्द बोला."

"मी? मुलीचा बाप आहे मी."

"अहो, कुठली मुलगी? पितळेची ती!"

झालं. दिवसभर जेवले नाहीत. पितळेची म्हटलं म्हणून! मी हात टेकले.

निघायचा दिवस उजाडला. जटका, आमची घोडागाडी, दारात. हे दोरीवर दोरी आवळतायत. समोर पांडुरंगराव पेपरामागे तोंड लपवून तिण्णैवर बसलेले. दारात मीनाक्षी उभी, पदर डोळ्यांना. गल्ली सगळी बाहेर, शेवटचा खेळ बघायला. आणि काय झालं कुणास ठाऊक, माझं डोकंच फिरलं. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"ऐका दोघंही! त्या दिवशीची कापी पाणचटच होती. दूध संपलं म्हणून दोन तांबे पाणी मी घातलं होतं, या हातांनी. आता काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या आणि संपवा हे एकदाचं!"

गोदाचं सूप जागच्या जागी थांबलं.

हे गाठ मारता मारता, मान वर न करता म्हणाले, "मला माहीत आहे. पहिला टंबळर मीच प्यायलो होतो."

"माहीत होतं? मग वर्षभर हा तमाशा कशाला?"

"शंभर माणसांत तुझ्या कापीला नावं ठेवायची आणि मी हात जोडायचे? नाही जोडले!"

मला रडू येईना आणि हसूही येईना. असा राग आला, असा राग आला! माझ्यासाठी म्हणे भांडले! माझी एकुलती एक मैत्रीण तोडली आणि वर माझ्यासाठी!

तेवढ्यात समोरचा पेपर चार बोटं खाली आला. पांडुरंगराव मला म्हणाले, "विहीणबाई, त्यांना सांगा, मी ती कापी तोंडालासुद्धा लावली नव्हती. रुसायचं म्हणून बोललो. एकोणीस वर्षं माणसानं दर वेळी नवीन काय काढायचं?"

"त्यांना विचार," हे मला म्हणाले, "की हे वर्षभर का नाही सांगितलं?"

"त्यांना सांगा, विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"त्यांना म्हणावं, विचारायला मी यायचं?"

"मी काय तारेचा खांब आहे?" मी ओरडले. "चार हातांवर उभे आहात, बोला की एकमेकांशी!"

नाही बोलले. हे जटक्यात चढले. पेपर पुन्हा वर गेला. मीनाक्षी धावत आली, मला कुंकू लावलं, डोक्यात फुलं माळली, दोन्ही हात धरले. मी एवढंच म्हटलं, "पत्र?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं. पेपर हलला नाही. जटका निघाला, आणि मी स्टेशनापर्यंत यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. यांनाही त्याचं काही विशेष वाटलं नाही. सामान मोजत बसले.

पेरांबूरला आल्यावर रोज विचारायची, "लिहायचं का मीनाक्षीला?" रोज एकच उत्तर, "पहिलं पत्र मुलाकडच्यांचं यायला हवं." सून तोंडाला पदर लावून हसायची. मार्गळी गेली, पोंगल गेला. पोस्टमन पुढच्या दारी थांबायचा, मागच्या दारी थांबायचा, आमच्या दारावरून सरळ निघून जायचा. त्याच्याही अंगावर ओरडावंसं वाटायचं.

पोंगलपासूनचा तै महिना संपता संपता एक जाड पाकीट आलं. अक्षर पांडुरंगरावांचं. मी ते लगेच यांच्या हातात ठेवलं. यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि वाचलं. "नागूला सांगा, तुमच्या घरात नवे भाडेकरू आलेत. त्यांच्या बाईला बोलायला वेळ नसतो. मी आपली दुपारी दार लावून पडून राहते." एवढंच मीनाक्षीचं, या नागूसाठी. दोन ओळी!

आणि पुढे चार पानं पांडुरंगरावांची. यंदाचं रुक्मिणीचं लग्न कसं झालं त्याची. मुलीचा बाप म्हणून बँकेतल्या कुणा नव्या माणसाला उभं केलं होतं. "मी रुसायला तोंड उघडतो तोच हा नारळ पुढे करतो. जमखाना जुना म्हटलं तर म्हणतो, चुकलं हो. पायसात साखर कमी म्हटलं तर म्हणतो, खरं आहे. असा कुठे मुलीचा बाप असतो? हनुमंतरावांना सांगा, लग्नाची सगळी शोभा गेली. लोक उठून सिनेमाला गेले." आणि असंच बरंच. लुगड्याचा रंग, हारांची फुलं, भागवतांचा बसलेला घसा.

यांनी ते तीनदा वाचलं. मग जेवण झाल्यावर दौत-टाक घेऊन जे बसले ते दिवे लागेपर्यंत. कागदावर कागद भरतायत, मधेच स्वतःशी हसतायत, मधेच "बघतो तुला" म्हणून टाक आपटतायत. मी दहादा पुढे जाऊन उभी राहिले, मान वर नाही. अख्खं वर्ष जिच्यासाठी तळमळले तिच्या पत्रात हेच दोघं पाय पसरून बसलेत, मला जागाच नाही! दिवा आणून ठेवला तेव्हा कुठे म्हणाले, "तुझं काही लिहायचंय का? खाली दोन बोटं जागा उरलीय."

"उपकार झाले," म्हटलं. "लिहा. मीनाक्षीला लिहा, मला इथे करमत नाही. सून चांगली आहे, घर चांगलं आहे, पण तुझ्यावाचून करमत नाही."

यांनी लिहिलं. मग टाक तसाच धरून बसून राहिले. शाईचा थेंब कागदावर पडेल म्हणून मी हात पुढे केला, तर कागदाकडेच बघत हळूच म्हणाले,

"माझंही पांडुरंगाला तेच लिहू का?"

"लिहा!" म्हटलं. "एवढं लिहायला अख्खं गाव सोडावं लागलं होय तुम्हाला?"