एक बू म्हणजे किती सूत?

जर्मनीतल्या एर्लांगेनहून निघालो तेव्हा काखेत नकाशाची नळी होती आणि डोक्यात हवा. ती हवा भरली होती आमच्या साहेबांनी, हेर क्रामर (हेर म्हणजे श्रीयुत) यांनी. सत्तावन-अठ्ठावन साल असेल. मी पुण्याहून वर्षभराच्या प्रशिक्षणाला येऊन एका लहानशा यंत्रकारखान्यात उमेदवारी करत होतो. ड्युसेलडॉर्फच्या प्रदर्शनात आमचं एक यंत्र जपानी कंपनीच्या दालनात मांडायचं होतं. त्याचा लाकडी चौथरा करणार त्यांचा म्हातारा सुतार, आणि तो काही मिलिमीटर मानत नव्हता. त्याचं माप शाकू (साधारण आपला फूट). शाकूचा शंभरावा भाग बू, बूचा दहावा रिन, रिनचा दहावा मो.

"आल्झो," (तर मग) क्रामर म्हणाले, "तुम्ही आशियातले. हे तुम्हाला येत असणारच."

अहो, पुण्याहून जपान जेवढं लांब, जवळजवळ तेवढंच जर्मनी! पण "येत नाही" म्हणेल तो पुणेकर कसला? शिवाय मापांचा तक्ता नीट झाला तर माझी मुदत सहा महिन्यांनी वाढणार होती, तीही सूक्ष्म मापनाच्या प्रयोगशाळेत. त्या प्रयोगशाळेसाठीच तर मी घर सोडलं होतं. मी छाती पुढे काढून "गेनाऊ!" (अगदी बरोबर!) म्हणालो आणि मुदत वाढल्याचं त्याच संध्याकाळी घरी कळवूनही टाकलं.

ग्रंथालयात एका पुस्तकात एवढंच सापडलं : बू म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित अधिक. हात्तिच्या! हे तर आपलं सूत, इंचाचा आठवा भाग! आमच्या पेठेतला प्रत्येक सुतार सुतात बोलतो. मी बू म्हणजे सूत धरलं आणि मिलिमीटर, त्याचा दहावा भाग, शंभरावा भाग, सगळे बू-रिन-मोमध्ये बसवले, दशांशाच्या चार स्थळांपर्यंत. त्या 'किंचित'कडे ढुंकूनही पाहिलं नाही. तीन खात्यांनी तक्त्यावर 'गेप्र्युफ्ट' (तपासले) असे शिक्के मारले. कशाशी ताडून तपासलं, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

गाडी ऱ्हाइनच्या काठाने धावू लागली. द्राक्षांचे मळे, टेकड्यांवरचे किल्ले, नदीत कोळशाचे पडाव. मी खिडकीला नाक लावून बसलो आणि कोलोनला गाडी बदलताना तक्ता ठेवलेली नळी बाकावरच विसरलो. एक आजीबाई फलाटावर धापा टाकत आल्या. "तुमची छत्री!" म्हणत त्यांनी ती माझ्या हाती दिली. त्यांनी तेवढी धाव घेतली नसती तर माझं भलं झालं असतं.

सुताराचं नाव ओगावासान (सान म्हणजे आपलं राव). सत्तरीचे, काटक, जर्मनचे दहा-बारा शब्द येणारे. त्यांनी माझा तक्ता दोन्ही हातांनी घेतला, वाचला, बाजूला ठेवला आणि आपला बूच्या खुणांचा गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) थेट यंत्राच्या बैठकीला लावला. सहाशे मिलिमीटरची बैठक माझ्या हिशेबाने १८९ बू होती. त्यांनी पेन्सिलीने लाकडावर लिहिलं : १९८.

तक्त्याबरहुकूम कापलं असतं तर चौथरा सत्तावीस मिलिमीटर तोकडा झाला असता.

"कागद सुंदर," ओगावासान हसून म्हणाले. मग डबा उघडून त्यांनी मला भाताचा मुटका दिला. आत खारवलेलं आंबट फळ होतं, थेट आपल्या लोणच्याच्या वळणाचं. मी तो त्यांच्याकडे न बघता खाल्ला. संध्याकाळपर्यंत चौथरा तयार झाला आणि यंत्र त्यावर चपखल बसलं.

सकाळी क्रामर आले. तक्ता काढून त्यांनी चौथरा मोजायला लावला. "एकशे अठ्ठ्याण्णव? सुताराने मापं मोडली!"

"पण यंत्र बसलंय ना?" मी चाचरत म्हणालो.

"तेच तर! चुकीच्या चौथऱ्यावर बसतंय म्हणजे यंत्रही तपासायला हवं. तक्त्यावर तीन शिक्के आहेत."

त्यांनी तिथेच तक्रार लिहायला घेतली : हा सुतार बेजबाबदार आहे, याला परत पाठवा. ओगावासानना शब्द कळत नव्हता. साहेब काही लिहितायत म्हणून ते अदबीने वाकून उभे होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्या वाकलेल्या पाठीकडे बघवेना.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "बूचा हिशेबच मी चुकीचा धरला."

"आणि शिक्के?"

"ते चुकीवरच बसलेत."

तक्रार फाटली आणि माझी मुदतवाढही गेली. कारण लेखी मिळालं : तपासलेल्या कागदाविषयी संशय निर्माण केला. तक्ता मात्र तसाच फायलीत राहिला. मी त्या वेळी खूप चिडलो, एकदा रडलोही. त्या प्रयोगशाळेचं दार मी आतून कधी पाहिलंच नाही, आणि हे आजही सलतं.

वर्ष संपलं, जिनोआहून बोट धरली. मुंबईच्या धक्क्यावर वडील उभे होते.

"काय रे, सहा महिने वाढले होते ना? कुठे माशी शिंकली?"

"मापात चुकलो, नाना. सत्तावीस मिलिमीटर."

त्यांनी बोटं फाकवून अंतर करून पाहिलं. "एवढ्याशा चुकीसाठी परत पाठवलं?"

"चुकीसाठी नाही. ती कबूल केली म्हणून."

हमालाला हातानेच थांबवून नानांनी माझी ट्रंक स्वतः उचलली.