आधी कोणाचा हात

गालावर वस्तरा टेकला की माणूस खरं बोलतो. चाळीस वर्षं न्हाव्याचा धंदा करतोय मी, मला विचारा. पावात भुसा कोण मिसळतो, पाद्रीबुवांना कुठल्या विधवेच्या हातची आंबट कोबी गोड लागते, सगळं आमच्या लिंडेनरोड गावाला माझ्या खुर्चीतूनच कळलं. फक्त मेल्खिओर ड्रेस खुर्चीत बसला की राजा आणि रयत असलं काहीतरी बोलायचा.

मेल्खिओर आमच्या नगराचा चिटणीस. उंच, वाळका, बोटांना कायमची शाई. सव्वीस वर्षं एकच पुस्तक लिहीत होता. त्याची बायको ओटिली म्हणायची, "माझी पाच बाळंतपणं झाली, पण ह्यांचे अजून दिवसच भरेनात!"

"लोरेंत्झ," तो मला म्हणायचा, "घर म्हणजे दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द. घरं मिळून जमात, जमाती मिळून गाव, गावं मिळून मुलूख. सगळ्या शब्दाच्याच गाठी. राजा म्हणजे कोण? वेशीवरचा पहारेकरी. किल्ली त्याच्याकडे, पण वेस आपली."

"आणि पहारेकऱ्यानंच आतून कडी घातली तर?"

"म्हणून तर आधी त्याचा हात!"

आमची रीतच तशी होती. नवा उमराव गादीवर आला की चौकात यायचा आणि आधी स्वतः तीन बोटं वर करून गावाचे हक्क राखायची शपथ घ्यायचा. मग आमचे हात वर. चिटणीस तुकड्या-तुकड्यानं शपथ वाचणार आणि आम्ही मागून म्हणणार. जुन्या उमरावाला संधिवात होता, हात वर करताना कण्हायचा बिचारा, पण पहिला हात त्याचाच.

मला वाचायला मेल्खिओरनंच शिकवलं. मला पंचांगातली भविष्यं वाचायची होती, त्याला पुस्तक ऐकायचं होतं. "तू अडखळलास की समजायचं, वाक्य वाईट आहे," म्हणायचा आणि तिथेच खोडायचा. मी मुद्दाम अडखळून त्याची दोन-तीन चांगली वाक्यं मारलीत, हे आज कबूल करतो.

मुलखात चाललेल्या लढाईच्या पंधराव्या वर्षी जुना उमराव गेला. त्याचा पुतण्या आला तो दोनशे घोडेस्वार घेऊन. निरोप आधीच आला होता: शपथ फक्त गाव घेईल.

गुत्त्यात सगळे पेटले. पाववाल्यांचा म्होरक्या वेंडेल मेज बडवत म्हणाला, "चिटणीसबुवा, हा हात तुटला तरी वर जाणार नाही!"

"तुटल्यावर कसा जाईल, मुडद्या?" मी म्हटलं. हशा झाला. मेल्खिओर हसला नाही. प्रत्येकाकडे वळून विचारत होता, "नक्की ना?" सगळे म्हणाले, नक्की. मीही म्हणालो.

त्या दिवशी चौक गच्च भरला होता. पायरीवर कागद घेऊन मेल्खिओर, समोर घोड्यावर नवा उमराव.

"महाराज, आधी आपण," मेल्खिओर म्हणाला.

उमरावानं नुसती मागे खूण केली. त्याचा कप्तान बोलला. "ज्याचा हात खाली राहील, त्याच्या घरी सहा शिपाई मुक्कामाला."

शेजारच्या गावात शिपायांनी मुक्काम केला होता. तिथे घरांना चौकटी उरल्या नव्हत्या, चुलीत गेल्या होत्या. आणि बायकांविषयी कोणी बोलत नव्हतं.

मेल्खिओरनं कागद पायरीवर ठेवला. "मग मी वाचत नाही." वाचणाराच नाही तर शपथ कसली! क्षणभर मला वाटलं, जिंकला गडी.

"आणखी कोणाला वाचता येतं?" कप्तानानं विचारलं. नगरप्रमुखाचे डोळे म्हणे लेंटच्या उपासांपासून अधू झालेले. पाद्रीबुवांना नेमका त्याच सकाळी ताप भरलेला. तेव्हा वेंडेल, तोच तुटक्या हाताचा वेंडेल, म्हणाला, "आमचा न्हावी वाचतो की! घसाही खणखणीत आहे त्याचा."

मी मेल्खिओरकडे पाहिलं. रागावलेला नव्हता. मी वाचायला घेतलं की जसा कान देऊन थांबायचा, तसाच थांबला होता.

मी कागद उचलला. एकदाही अडखळलो नाही.

चौकात एकच हात खाली राहिला.

त्याची चिटणिशी गेली. त्याच्या घरी सहा शिपाई गेले. आणि हिवाळ्याच्या तोंडी येणाऱ्या मार्टिनच्या सणाआधी प्रत्येक घरी आठ-आठ आले, वेंडेलकडे, माझ्याकडेसुद्धा. आम्ही रडत कप्तानाकडे गेलो. "आम्ही हात वर केले होते, साहेब!"

"केलेत ना? मग तुमचा शब्द पाळा," तो हसला. "आमच्या धन्यानं कुठे शब्द दिलाय?"

तेव्हा आम्ही निर्लज्जासारखे मेल्खिओरच्या दारात उभे. बुवा, एक अर्ज लिहून द्या.

"लिहितो की," तो म्हणाला. "पण त्यानं कुठला शब्द मोडला म्हणून लिहू?"

आम्ही आल्या पावली परतलो.

त्यानंतर तो माझ्या खुर्चीत बसला नाही. नऊ वर्षांत दाढी पोटापर्यंत आली. मी दारातून ओरडायचो, "बुवा, चिमण्या घरटं करतील हो त्यात!" वळून बघायचा नाही. मग एका हिवाळ्यात छाती भरली आणि गेला. ओटिलीनं मला बोलावलं, कारण आमच्यात मेलेल्याची दाढी न्हावीच करतो.

"करा आता," ती म्हणाली. "आता उठून जायचे नाहीत ते."

गाल दगडासारखा थंड होता. काम झाल्यावर तिनं पुस्तकाच्या वह्यांची चळत माझ्या मांडीवर ठेवली. "पाद्री घेत नाही, घाबरतो. तुम्ही वाचा." मी तिथेच, त्याच्या उशाशी बसून वाचलं. पानोपानी अडखळलो. खोडायला कोणी नव्हतं.

यंदा पुतण्याचा मुलगा गादीवर बसला. चौकात शिपाई नव्हते, धमकी नव्हती. आधी हात कोणाचा, असं कोणी विचारलंही नाही. त्याचा घोडा थांबायच्या आत सगळ्यांचे हात वर.

शपथ मीच वाचली. गावाला सवय झालीय माझ्या घशाची. अडखळलो नाही.