होड्यांचं पुस्तक

फोटोमावशी हे नाव तिला लहान मुलांनी दिलं. सरकारी इस्पितळाच्या तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला एक्स-रेची खोली होती, आणि तिची उमेदीची सगळी वर्षं त्याच खोलीत गेली. हात मोडलेलं पोर रडत आलं की ती म्हणायची, "अरे, फोटोच तर काढायचाय. आणि हसायची पण गरज नाही, हाडं कुठे हसतात?" पोर विचारात पडायचं, आणि तेवढ्यात फोटो निघून जायचा.

दिवसभर हाडं बघायची म्हणजे गंमत नाही. मनगट, गुडघा, बरगड्या, पुन्हा मनगट. माणूस समोर उभा असायचा, पण तिला बघायचा असायचा त्याचा सांगाडा. अशातच एकदा घरची वर्तमानपत्रं घालायला ती रद्दीच्या दुकानात गेली, तर तराजूशेजारी एक जाडजूड पुस्तक पडलेलं. आत फोटो, आणि फोटोंत नुसते हात. कणीक मळणारे, दोरी ओढणारे, म्हाताऱ्याचे, बाळाचे. ती तिथेच, रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून बघत राहिली. "रोज मी हेच हात बघते," ती रद्दीवाल्या भाऊंना म्हणाली, "पण कातडीसकट आज पहिल्यांदा बघितले."

भाऊंनी ते पुस्तक वजनावर देऊन टाकलं. तिचा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला. त्याने पुस्तक चाळलं, म्हणाला, "चांगलं आहे. एकच आहे ना?"

एकच राहिलं नाही, हे सांगायला नको. पलंगाखाली पुस्तकं गेली, कपाटावर गेली, मग शिवणाच्या मशीनच्या पोटातही शिरली. पण तिची खरेदी डोळे झाकून नसायची. पुस्तक हातात आलं की आधी ती नाकाला लावायची. ओल लागलेला कागद नाकाला लगेच कळतो. मग पानं अंगठ्याखालून सोडायची, मधे कुठे अडकतंय का ते बघायला. कुठे शोधायचं हेही तिला हळूहळू उमगलं. फोटोंची पुस्तकं विकणाऱ्याला ती कुठे लावायची हेच कळत नाही. माणसांच्या चेहऱ्यांचं एक उत्तम पुस्तक तिला शिवणकामाच्या कप्प्यात सापडलं होतं, का, तर मुखपृष्ठावरची बाई मशीनवर बसलेली. वाळवंटाचं एक पुस्तक बागकामात निघालं. बंद पडणारे स्टुडिओ, शाळांनी मोडीत काढलेली कपाटं, सगळीकडे तिची फेरी असायची. आणि रद्दीवाले भाऊ एखादं भारी पुस्तक किलोवर द्यायला निघाले, तर तीच म्हणायची, "भाऊ, हे असं देऊ नका, याला चांगली किंमत आहे." त्यामुळे भाऊही काही आलं की आधी तिच्यासाठी बाजूला ठेवायचे.

या सगळ्या सुखात एकच खडा होता. तो म्हणजे चष्मेवाले.

बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस उंच, कडक इस्त्रीचा, बोलणं मोजकं. त्यांनाही हाच नाद. रविवारच्या जुन्या बाजारात ते तिच्या आधी हजर असायचे. एकदा तर तिने पुस्तक खाली ठेवून पिशवी सावरायचा अवकाश, यांनी ते उचलून पैसेसुद्धा दिले होते. तेव्हापासून दोघांत नमस्कारापुरतंही बोलणं नव्हतं. विकणारे मात्र खूश. तिने भाव विचारला की म्हणायचे, "चष्मेवाले इतके द्यायला तयार आहेत." त्यांनी विचारला की, "मावशी काल दोनदा येऊन गेल्या." दोघांच्या भांडणात तिसऱ्याचं दुकान चालत होतं.

तिला हवं होतं ते पुस्तक होड्यांचं. हातांचे फोटो काढणाऱ्यानेच ते केलेलं. इथल्या नदीवर पूल झाला त्याच्या आधीची काही वर्षं तो माणूस नदीकाठी राहिला होता आणि त्याने होड्या, नावाडी, पलीकडे जाणारी माणसं टिपली होती. पुस्तक थोडंच छापलं गेलं, त्यातही गोदामात पाणी शिरून बरंचसं वाया गेलं. तिचं माहेर त्या नदीच्या पलीकडच्या काठाचं. शाळेला ती होडीने यायची. मग पूल झाला, होड्या गेल्या, घाटाच्या पायऱ्यांवर भराव पडला. घरात त्या काळाचा एक फोटो नव्हता. फोटो काढायला तेव्हा होतं कोण?

दूरच्या शहरातल्या एका दुकानात एक प्रत होती. तिची किंमत ऐकून नवरा म्हणाला, "त्यात होडी पण देतात का?" ती हसली, पण तिने तो नाद सोडला. चष्मेवाल्यांकडे मात्र ते पुस्तक होतं. बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यांनीच सांगितलं होतं. दाखवलं मात्र कोणालाच नव्हतं. "कंजूष आहे," भाऊ म्हणायचे, "बघितल्याने काय झिजतं?"

अशात एका रविवारी, जुन्या फ्रेमा विकणाऱ्याच्या गाड्यावर, काचांच्या मागे, तिला होड्यांच्या त्या पुस्तकाचा पुठ्ठा दिसला. तिने शांतपणे आधी दोन फ्रेमा बघितल्या, भलत्याच वस्तूची चौकशी केली आणि मग सहज म्हणून पुस्तक उचललं. वास चांगला. सुरुवातीची पानं स्वच्छ. अंगठा मधे गेला आणि थांबला. पुस्तकाच्या पोटातली पानं पात्याने सरळ कापून नेलेली होती. शिवणीशी नुसत्या पट्ट्या उरल्या होत्या.

"फ्रेमा करायला कोणीतरी कापली असणार," फ्रेमवाला म्हणाला. "मी नाही. माझ्याकडे असंच आलं. पण दुर्मिळ आहे, मावशी."

"दुर्मिळ आहे, पण अर्धं आहे," ती म्हणाली. "जेवढं पुस्तक तेवढी किंमत सांगा."

थोडी घासाघीस झाली आणि पुस्तक मिळालं, दोघांनाही पटेल अशा भावात. घरी आणून तिने टेबलावर उघडलं. सुरुवातीला नदीची पहाट होती, शेवटी रिकाम्या होड्या होत्या. मधे, जिथे माणसं असणार, घाट असणार, तिथे काहीच नव्हतं. नवऱ्याने चहा आणून ठेवला. कधी नव्हे ते त्याने चेष्टा केली नाही. म्हणाला, "त्या चष्मेवाल्याला विचार की. नाही म्हणेल, अजून काय?"

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती दुकानात गेली. चष्मेवाले एका फ्रेमचा स्क्रू बसवत होते. त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा स्क्रूकडे बघितलं.

"मला चष्मा नकोय," ती म्हणाली. "तुमच्या होड्यांच्या पुस्तकातली मधली पानं बघायचीत. इथेच उभी राहून बघते. हात लावणार नाही, तुम्ही उलटा."

"ते मी बाहेर काढत नाही."

"का?"

"काढत नाही," ते म्हणाले. आवाज कोरडा होता, पण स्क्रू त्यांच्या बोटांतून निसटून खाली गेला.

तिला राग आला. परत फिरणार होती, पण काय मनात आलं कोण जाणे, तिने पिशवीतून आपलं पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं. "हे माझं. कापलेलं आहे. तुमच्यासारखी चांगली प्रत असणाऱ्याला याचं काय, पण ठेवा दोन दिवस. बघून झालं की द्या." एवढं बोलून ती निघून आली. रस्त्यात तिची तिलाच कमाल वाटली. घरी नवरा म्हणाला, "दिलंस त्याला? गेलं म्हण आता पुस्तक."

तो आठवडा तसाच गेला. मग एके सकाळी एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर, गळ्यात हात अडकवलेल्या माणसांच्या रांगेत, चष्मेवाले बसलेले दिसले. मांडीवर कापडी पिशवी. रांग मोडून ते आत आले नाहीत. नंबर आल्यावरच आले.

"काय दुखतंय?" तिने सवयीने विचारलं.

"कणा," ते म्हणाले. "माझा नाही. पुस्तकाचा."

त्यांनी पिशवीतून दोन पुस्तकं काढली. एक तिचं. दुसरं फुगलेलं, वेडंवाकडं, पुठ्ठ्याला लाटा आलेल्या. त्यांनी ते उघडायचा प्रयत्न केला, पण पुढची पानं एकमेकांना घट्ट चिकटून त्यांची वीट झाली होती. शेवटचीही तशीच. चकचकीत कागद एकदा भिजला की तसाच होतो.

"न बघता मागवलं होतं," ते म्हणाले. "भरपूर पैसे देऊन. पार्सल उघडलं तेव्हा कळलं. पण तोवर मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. मग कोणी बघायला मागितलं की..." त्यांनी तिचं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. "तुमचं पुस्तक बघितलं तेव्हा, खरं सांगतो, पहिली पानं मी पहिल्यांदाच बघितली."

"आणि मधलं?"

"मधलं कोरडं आहे. पाणी तिथवर पोचलंच नाही."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "अहो, आत एवढा वेळ काय फोटोंचा अल्बम बघताय का?" आणि ती इतकी हसली की चष्मेवाल्यांनाही हसू आवरेना.

बाइंडर दोघांच्या ओळखीचा होता. त्याने दोन्ही पुस्तकं पालथी केली, शिवणी तपासल्या आणि म्हणाला, "दोन्ही उसवावी लागतील. मग परत माझ्याकडे रडत यायचं नाही." दोघांनीही आपापलं पुस्तक पुन्हा जवळ ओढलं. आपल्या हाताने पुस्तक उसवायला द्यायचं म्हणजे पोरीला सासरी धाडण्यासारखंच. शेवटी चष्मेवालेच म्हणाले, "उसवा. असं कपाटात ठेवूनही मी त्याचं काय भलं करतोय?"

पुठ्ठा तिच्या प्रतीचा, पोट त्यांच्या प्रतीचं, असं पुस्तक तयार झालं. एक पान मात्र दोन्हीकडे गेलेलं होतं. बाइंडरने तिथे कोरा कागद शिवला. "मिळालं कधी तर डकवून देईन," तो म्हणाला.

ते पहिल्यांदा उघडलं तिच्या घरी, रविवारी दुपारी. चष्मेवाले खुर्चीत अवघडून बसले होते, नवरा खांद्यावरून वाकून बघत होता. मधल्या पानांत घाट आला. तिच्या ओळखीच्या पायऱ्या, खालची अर्धी पाण्यात बुडालेली, आणि त्यावर दप्तरं डोक्यावर धरून उभी असलेली मुलं. त्यात ती नव्हती. तिने नीट शोधलं. पण कडेला लोखंडी कडी होती, होडी बांधायची. ती कडी उन्हात कशी तापायची आणि हात लावला की नावाडी कसा ओरडायचा, हे ती सांगायला लागली, आणि मग बराच वेळ सांगतच राहिली. नवरा म्हणाला, "इतक्या वर्षांत हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?" ती म्हणाली. पण रागाने नाही.

पुस्तक कोणी ठेवायचं यावर थोडी बोलाचाली झाली. ती म्हणाली तुमच्याकडे ठेवा, ते म्हणाले तुमच्याकडे. शेवटी ते फिरतं ठेवायचं ठरलं. पाऊसपाण्यात तिच्याकडे, कारण चष्मेवाल्यांच्या दुकानाची मागची भिंत पाझरते आणि पाण्याची आता त्यांना धास्तीच बसली होती. बाकीच्या दिवसांत त्यांच्याकडे. दुकानात चष्म्याची वाट बघत बसणाऱ्यांसाठी त्यांनी एक टेबल मांडलं आणि त्यावर आपल्या कपाटातली पुस्तकं ठेवायला सुरुवात केली. जाड भिंगांतून कोणी म्हातारा एखादं पान तासभर बघत बसला, तरी आता ते काही बोलत नाहीत.

आणि जुन्या बाजारात आता दोघं बरोबर जातात. भाव कोणी करायचा हे आधीच ठरवून घेतात. दुसरा तोवर लांब कुठेतरी भांडी बघत उभा राहतो. विकणाऱ्यांचा धंदा थोडा बसला खरा. रद्दीवाले भाऊ परवा म्हणालेही, "तुम्ही भांडत होता तेच बरं होतं." पण म्हणता म्हणता त्यांनी तराजूखालून एक पुस्तक काढून तिच्यापुढे केलं. चष्मेवाल्यांनी ते आधी नाकाला लावलं.

"कोरडं आहे," ते म्हणाले, आणि तिच्याकडे दिलं. "पानं तुम्ही बघा."