अर्धा मिनिट पुढचा जावई

क्रिकेटमधलं मला कळतं, असं आजवर एकाच माणसाला वाटलं, आणि तेही फक्त सतरा दिवस. तो माणूस म्हणजे माझे सासरे, अण्णा.

अण्णा सांगलीहून आमच्याकडे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्सला राहायला आले, तेव्हा त्यांच्या लेखी मी 'कसलंसं एक्सेलचं काम करणारा' इसम होतो. (सोळा वर्षांत ते मला एकदाही 'बसा' म्हणाले नव्हते. माझ्याच सोफ्यावरसुद्धा नाही!) ज्याला गुगली ओळखता येत नाही त्याला मुलगी दिली, ही खंत त्यांनी कधी लपवली नाही.

गुगली नसेल, पण माझ्याकडे रेडिओ होता. रास अल खोरच्या गोदामाकडे जाताना मी रोज इथलं एक हिंदी स्पोर्ट्स स्टेशन ऐकायचो. मी इथे नवा होतो तेव्हा त्यावर दिवसभर क्रिकेट असायचं. मग मधेमधे गाणी आली, गाण्यांमध्ये जाहिराती आल्या, आणि शेवटी जाहिरातींच्या मधे चिमूटभर क्रिकेट उरलं. कॉमेंट्रीचा आवाज मात्र पहिल्यापासून तोच. आमच्या टीव्हीवरचा सामना इंटरनेटवरून यायचा, मैदानाच्या अर्धा मिनिट मागे. रेडिओ ताबडतोब! हा शोध लागताच मी खिशात छोटा रेडिओ ठेवला, एका कानात इअरफोन घातला आणि 'ऑफिसचा कॉल आहे' असं घरात जाहीर केलं.

"अण्णा, हा आता पायचीत होणार."

"काहीतरीच! चांगला सेट झालाय तो."

अर्ध्या मिनिटात पंचांचं बोट वर! अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "बसा."

खरं सांगतो, मला भरून आलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण सोळा वर्षांनी मिळालेली खुर्ची कोण सोडतो?

अंतिम सामन्याला अण्णांनी मजल्यावरची पाचही घरं बोलावली. सांगलीचे त्यांचे मित्र बंडोपंत फोनच्या स्पीकरवर होते.

"अरे, रविवारी कुठला क्लायंट बोलतोय तुझ्याशी?" बायकोने, मेघनाने विचारलं.

"सौदीचा." (तिकडे रविवारी ऑफिस असतं. देवाची कृपा!)

षटक संपलं की जाहिराती लागायच्या, म्हणून तेवढा वेळ मी इअरफोन काढून ठेवायचो. त्या दिवशी एक षटक आणि शेवटची जोडी उरली होती, धावा हव्या होत्या नऊ. मी इअरफोन काढला आणि धीर न धरवून लगेच परत घातला. ओळखीचा आवाज ओरडला, "हवा में... और कैच! भारत हार गया!"

"गेलो," मी म्हणालो. "झेल दिला. हरलो आपण." आणि इअरफोन खिशात टाकला.

कुणीच शंका घेतली नाही, हेच वाईट झालं. "डोळ्यांनी बघवणार नाही," म्हणत अण्णांनी टीव्ही बंद केला. "खलास, यार," म्हणत शेजारचे सलीमभाई चपला शोधू लागले. "मीही बंद केला रे," स्पीकरमधून बंडोपंत कण्हले, "गल्लीतही सगळ्यांना सांगून टाकलं." मेघनाने श्रीखंड वाढलं.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून आरोळी उठली. खाली गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. ईराने, आमच्या लेकीने, मोबाइलवरून मान वर केली.

"बाबा, वी वन. लास्ट बॉल सिक्स."

पाच घरं माझ्याकडे बघत होती. अण्णा माझ्या खिशातून लोंबणाऱ्या वायरकडे.

मी सगळं कबूल केलं. अण्णांनी इअरफोन स्वतःच्या कानात घातला आणि ते बराच वेळ ऐकत राहिले.

"हे स्टेशन आज बंद होतंय," ते म्हणाले. "जाहिराती नाहीत, म्हणून आठवडाभर मधल्या वेळात जुन्या सामन्यांचे तुकडे लावतायत. हा कॉमेंट्रीवाला रोज सांगत होता म्हणे. एवढी वर्षं ऐकलंत, आणि तुम्हाला पत्ता नाही?"

नव्हता. स्कोअर सोडून त्या माणसाचं मी कधी काही ऐकलंच नव्हतं. फजितीपेक्षा याची लाज जास्त वाटली.

"चला, गाडीत बसू. तिथे दोघांना ऐकू येईल."

पार्किंगमध्ये बसून आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. त्याने निरोपाचा नमस्कार केला तेव्हा अण्णांनी डॅशबोर्डपुढे हात जोडले. मग नुसती खरखर.

आता प्रत्येक सामन्याआधी सांगलीला परतलेल्या अण्णांचा फोन येतो. "जावईबापू, आज काय होणार?" रेडिओ नसल्यामुळे मी सुचेल ते सांगतो. अण्णा त्याच्या बरोब्बर उलटं बंडोपंतांना कळवतात, आणि गल्लीत सध्या अण्णांच्या अंदाजाला तोड नाही.