पाकिटातलं मत

मायचं मत गावाकडं होतं आणि माझं शहरात. ती माझ्याकडं राहायला येऊन तीन वर्षं झाली होती, तरी पिशोरजवळच्या आमच्या वाडीतलं नाव तिनं हलवू दिलं नव्हतं. विधानसभेच्या मतदानाला गुलमंडीतलं कापडाचं दुकान, जिथं मी काम करते, बंद होतं. मला दिवसभर लोळायचं होतं. आधीच्या दोन निवडणुकांना मी मत दिलं नव्हतं, आणि त्याचं काही वाटलंही नव्हतं. पण सकाळी उठले तर माय लुगडं नेसून, हातात मतदान कार्ड धरून दारात बसलेली.

"मी एकटी जाते," म्हणाली. गुडघ्यांमुळं ती जिनासुद्धा एकटी उतरत नाही.

बसस्थानकावर कळलं, बऱ्याच गाड्या मतदानाच्या कामाला लागल्यात. दोन तास बाकड्यावर बसलो. गाडी मिळेल का, मिळाली तर मायला बसायला जागा मिळेल का, परत कसं यायचं, हेच माझ्या डोक्यात चालू होतं. ती मात्र येणाऱ्या प्रत्येक एसटीची पाटी मला वाचायला लावत होती.

वाडीच्या शाळेत पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. रांगेतल्या बायकांनी मायला पुढं जाऊ दिलं. टेबलामागच्या माणसानं तिचा नंबर मोठ्यानं वाचला, आणि यादीवरचं त्याचं बोट तिथंच थांबलं.

"या नंबरवर मत झालंय."

मायनं डावा हात पुढं केला. "माझं बोट बघा की. शाई हाय का?"

शाई नव्हती. आता पोलिसांना बोलावतील, हिलाच खोटी ठरवतील, असं काहीबाही मनात आलं. केंद्राध्यक्ष उठून आले. शिक्षक असावेत, आवाज तसा होता. त्यांनी मायला नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव विचारलं, कार्ड पाहिलं आणि यादी उलटून पालटून बघितली. दोन पानं पुढं दुसरी एक बाई होती. नाव तेच, नवऱ्याचं नावही तेच, घर पलीकडच्या वस्तीत. ती सकाळी येऊन गेली होती आणि तिची खूण मायच्या नंबरावर पडली होती.

"मग त्या बाईच्या नंबरवर हिचं घ्या," मी म्हणाले.

"तसं करता येत नाही, ताई. यांना कागदाची मतपत्रिका देता येईल."

"मोजत्यात का ती?" मायनं विचारलं.

"मावशी, ती पाकिटात बंद राहते. कोर्टानं मागवली तरच बाहेर निघते."

"म्हंजे मोजत नाय."

"नाही."

मला संताप आला. चल घरी, म्हणाले. मायनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "द्या इकडं," म्हणाली. कागद घेऊन ती पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. इतका वेळ लागला की ती तिथं पडली तर नाही ना, असं मला वाटायला लागलं. बाहेर आली, घडी केलेला कागद पाकिटात जाताना बघितला, आणि मगच दाराकडं वळली.

शाळेच्या पायरीवर मी विचारलं, "मोजत नाय म्हणतात, तरी कशाला दिलंस?"

"आम्ही मेंढरांमागं फिरायचो तव्हा कुण्या गावच्या वहीत आमचं नाव नव्हतं. कुनीबी यावं अन् म्हनावं, तुम्ही इथले नाय, उठा. वाडी बसली तव्हा पहिल्यांदा नाव लागलं ते या यादीत. तुला शाळेत घालताना तुझ्या बापानं तीच यादी दाखवली व्हती. आता खूण चुकली म्हणून मी आलेच नाय, असं व्हईल व्हय? आले व्हते, एवढं तरी कागदावर ऱ्हाईल."

मग एकदम म्हणाली, "तुझं तर मशीनमंदी जातंय ना? किती वाजता बंद करत्यात?"

"सहाला."

"मंग बसलीस काय?"

मिळेल त्या जीपमध्ये बसलो. शहराच्या तोंडाशी गाड्यांची ही रांग. मी घड्याळ बघत होते आणि माय माझ्याकडं. जीपमधून उतरून रिक्षा केली, ती माझ्या केंद्रापाशी थांबली तेव्हा सहाला सात मिनिटं कमी होती. मायला रिक्षात बसवून मी धावत आत गेले. रांगेत उभी राहिले. माझ्याही नंबरवर कुणाची खूण असली तर? नंबर वाचला गेला. जागा कोरी होती.

मशीनसमोर उभी राहिले आणि लक्षात आलं, कुणाला द्यायचं हे मी ठरवलंच नव्हतं. दोन चिन्हं सोडली तर बाकीची ओळखीचीही नव्हती. लाज वाटली. आठ-आठ दिवसांनी येणारं आमचं पाणी आठवलं, आणि त्याबद्दल गल्लीत येऊन बायकांचं उभ्यानं ऐकून घेतलेला एकच उमेदवार. त्याचं बटण दाबलं.

तो पडला. मायच्या मतदारसंघात निवडून आलेला इतक्या मतांनी आला की तिचं एक मत मोजलं असतं तरी काही बदललं नसतं. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आणि भाकरी थापत राहिली.

त्यानंतरच्या निवडणुकीला, ती महापालिकेची होती, मी दोनदा यादी तपासली, तरी झोप नीट लागली नाही. केंद्राचं दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. माझ्यापुढं फक्त दोघी होत्या.