पंखा बंद असतानाची गाणी
परवा शुक्रवारी लाइट गेली, त्यात इन्व्हर्टरही बिघडलेला, म्हणून पंखा थांबला आणि मला हेंद्रेपाड्यातली ती खोली आठवली. कॉलेजात असताना आमचा चौघांचा बँड होता. पंख्याची घरघर नको म्हणून आम्ही लाइट जायची वाट बघायचो, दाराला गादी टेकवायचो आणि घामाघूम होऊन मोबाइलवर गाणी रेकॉर्ड करायचो. ती खोली ज्याच्या घरातली, तो आमचा गाणारा मित्र पुढे अपघातात गेला. महिन्याभराने त्याच्या आईने मला घरी बोलावलं. "गाणी नकोत रे," ती म्हणाली, "त्याचं नुसतं बोलणं आहे का कुठे?" बोलणं तर आम्ही दर वेळी कापून टाकायचो. शेवटी एका कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये, गिटार सुरू व्हायच्या आधी, त्याचा वैतागलेला आवाज सापडला: "आई, कुकर बंद कर ना, शिट्टी येतेय यात!" मी ते लावलं. ती ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली. गॅसवर काहीच नव्हतं. तरी बटण फिरवल्याचा आवाज आला आणि आतूनच ती म्हणाली, "केला रे बंद. घ्या आता." मोबाइलवर गाणं सुरू झालं होतं, मला ते थांबवता आलं नाही. परवा संध्याकाळीच मी इन्व्हर्टर दुरुस्त करून घेतला. पंखा थांबला की फार ऐकू येतं.